खडवलीचे आठ वाफे आणि एक वात

ठाण्याहून खडवली म्हणजे काही काशी-रामेश्वर नव्हे. सकाळी चहा घेऊन निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला तिथे पोचतो. एवढ्याशा प्रवासाचे वर्णन काय लिहायचे, असे आमच्या घरातूनच विचारले गेले. माझे उत्तर असे की यंदा भाद्रपदापासून कार्तिकापर्यंत मी तिथे तीनदा गेलो आणि पहिल्या खेपेला जे छातीठोकपणे सांगितले ते दुसऱ्या खेपेला मला गिळावे लागले. काशीला जाऊनही सगळ्यांचे एवढे होत नाही. ज्यांनी खडवली पाहिलेली नाही, आणि ज्यांनी भुईमूग फक्त पुडीत पाहिला आहे, अशा दोन्ही प्रकारच्या वाचकांसाठी हे लिहीत आहे.

खडवलीला माझी धाकटी बहीण यमू राहते. आम्ही मूळचे मुरुडकडचे, नारळाच्या बागेत वाढलेले. ती पडली कराडकडच्या घरात. तिचे यजमान दत्तोपंत रेल्वेतून निवृत्त झाले आणि कल्याणची खोली सोडून भातसा नदीजवळ थोडी जमीन घेऊन राहिले. गेल्या वर्षी त्यांना विषमज्वर झाला. चाळीस दिवस ते अंथरुणाला खिळून होते. त्यातून उठले, पण मधले काही दिवस असे होते की डॉक्टर पायऱ्या उतरताना मागे वळून पाहत नसत.

श्रावणाच्या अखेरीस यमूचे पत्र आले. तिने नवस बोलला होता. कोजागरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत देवापाशी अखंड दिवा लावायचा. तेल आपल्याच मातीतले, विकतचा एक थेंब नाही. दिवा मध्ये विझता कामा नये. ‘नदीकडच्या आठ वाफ्यांत भुईमूग लावला आहे,’ असे लिहून तिने पुढे विचारले होते, ‘किती तेल लागेल, ते एवढ्यातून निघेल का, आणि शेंगा कधी उपटू, ते तू हिशेब करून सांग. तुझ्याइतकं काटेकोर आमच्याकडे कोणी नाही.’

दिवा विझला तर काय, हे तिने लिहिले नव्हते. चाळीस रात्री नवऱ्याच्या उशाशी बसलेल्या बाईला ते विचारायचेही नसते.

मी एका कंपनीच्या भांडारखात्यात नोकरी करतो. वस्तू मोजल्याशिवाय आत घ्यायची नाही आणि मोजल्याशिवाय बाहेर सोडायची नाही, ही बावीस वर्षांची सवय. तेव्हा आधी दिवा मोजायला घेतला. आमच्या सौभाग्यवतींकडे वात मागितली. त्या म्हणाल्या, “देवाचं काम असतं तर वळून दिली असती. हा तुमचा प्रयोग आहे, वातही तुम्हीच वळा.” मी वळली. चांगली भक्कम वळली. समई तेलासकट गल्लीतल्या सोनाराकडे नेऊन तोलली, घरी आणून तीन तास म्हणजे एक प्रहर जाळली, आणि पुन्हा नेऊन तोलली. सोनाराने दुसऱ्या वेळी समई नखाने खरवडून पाहिली. एवढ्या निगुतीने तोलण्यासारखे तिच्यात काय आहे, हे त्याला कळेना. प्रहराला दोन तोळे तेल जळाले होते. दिवसाला सोळा तोळे, तीस दिवसांना चारशे ऐंशी, म्हणजे बरोबर सहा शेर. नवे पैसे येऊन काही महिने झाले आणि आता शेर-तोळेही जाणार म्हणतात. जाईनात का. हा हिशेब मात्र शेवटचा शेरातच झाला.

डोंबिवली आणि कल्याण, अनंत चतुर्दशी

सुट्टी साधून आम्ही दोघे निघालो. शेंगदाणे तोलायला बारीक काटा हवा होता आणि सोनार त्याचा काटा गल्लीबाहेर सोडीना, म्हणून डोंबिवलीला उतरलो. तिथे केशव नावाचा माझा शाळासोबती एका दवाखान्यात कंपाउंडर आहे. डोंबिवलीत सध्या जिकडेतिकडे चुन्याने आखलेले प्लॉट आणि त्यांच्यामध्ये भाताची शेते आहेत. ज्याला त्याला आपल्या विहिरीच्या पाण्याचा अभिमान. केशवने चहाच्या आधी पाणी दिले आणि ते कसे लागले ते विचारून मगच चहा टाकला.

“काटा कशाला हवाय?” त्याने विचारले.

“बहिणीकडे निघालोय.”

“बहिणीकडे लोक बर्फी नेतात रे. वहिनी, हा लग्नानंतर तुमच्या माहेरी आला तेव्हा काय घेऊन आला होता?”

“फूटपट्टी,” सौभाग्यवती म्हणाल्या. ही गोष्ट खरी आहे, पण तिचा येथे संबंध नाही.

कल्याणला घाण्यावर जायचे होते, कारण दिवाळीच्या तोंडावर नंबर आधी लावावा लागतो. घाणेवाले सखाराम सत्तरीचे असावेत. अंधाऱ्या पडवीत डोळ्यांना झापड लावलेला बैल गोल फिरत होता, उखळातली लाट, म्हणजे उभा लाकडी दांडा, कुरकुरत होती, आणि कोमट तेलाचा वास असा भरला होता की नुसता श्वास घेऊन जेवण झाल्यासारखे वाटावे. मी विचारले, दाण्याला तेल किती निघते. ते म्हणाले, “बरा दाणा असला तर अडीच शेराला शेर.” मी टिपून घेतले. म्हणजे सहा शेर तेलाला पंधरा शेर दाणे.

“शेंगा कधी काढणार?”

मी खिशातून कागद काढला. कोजागरीपासून उलटे मोजत आलो होतो: घाण्याला एक दिवस, सोलायला तीन, वाळवायला दहा, ढगाळ हवेसाठी वर चार, अनपेक्षित अडचणींसाठी आणखी दहा. “परवापर्यंत काढायला हव्यात. वेळापत्रक केलं आहे.”

सखारामांनी कागदाकडे आदराने पाहिले. “शेंगेला दाखवलंत का हे?”

सौभाग्यवती दुसरीकडे पाहू लागल्या.

“शेंग फोडायची, मालक, आणि दाणा नाही, टरफल बघायचं. आतून पांढरंफेक असलं तर राहू द्या. तपकिरी, काळपट डाग धरले की काढा. मग तिथी कोणती का असेना.”

मी वहीत लिहिले: ‘उतारा अडीचास एक. टरफलाबाबत मत, न मोजलेले.’ ती वही आज समोर आहे. ते पान फाडून टाकावे असे दोनदा मनात आले, पण भांडारखात्यात पान फाडत नाहीत.

खडवली, त्याच दिवशी आणि दुसऱ्या दिवशी

खडवलीच्या स्टेशनातून बाहेर पडले की पहिली गोष्ट जाणवते ती शांतता, आणि दुसरी चिखल. नदीकडे जाणाऱ्या पायवाटेवर माझी एक वहाण रुतली ती पुढे दत्तोपंतांनी काठीने काढली. भात पोटरीला आले होते, लोंबी अजून आतच. नदी गढूळ आणि भरलेली होती. यमूचे घर लहानच, पुढे सारवलेले अंगण, आणि अंगणाच्या पलीकडे उतारावर ते आठ वाफे, गुडघ्याच्याही खाली, हिरवेगार.

जेवायला तांदळाची भाकरी हे इथले, आणि बाकी सगळे कराडचे: आमटीत दाण्याचे कूट, भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट, आणि वर शेंगदाण्याची चटणी. आम्ही कोकणातले लोक सगळ्यावर नारळ खवतो तेव्हा आपल्याला ते मुळीच खटकत नाही. दुसऱ्याचे कूट मात्र पानात लगेच दिसते.

“मला डॉक्टरांनी तेलकट बंद केलंय,” दत्तोपंत म्हणाले, “आणि हिने त्याच वेळी देवाला सुरू केलंय. घरात एकूण तेल तेवढंच.”

यमू हसली नाही. “तुम्ही जेवा,” एवढेच म्हणाली.

दुपारी तिने ओल्या शेंगा मीठ घालून उकडून आणल्या. अशा शेंगा मी जन्मात खाल्ल्या नव्हत्या. दाणा टपोरा, गुलाबी, दुधाळ, आणि गोड. मी म्हणालो, “अगं, काय गोड आहेत. पीक उत्तम आलंय.” यमूने माझ्याकडे क्षणभर पाहिले. तिला काही बोलायचे होते असे मला आता वाटते. तेव्हा मी शेंगा खात होतो.

मग काटा काढला. यमूकडे गेल्या वर्षीच्या बियाण्याचे वाळलेले दाणे होते. शंभर मोजून तोलले: साडेतीन तोळे. ताज्या उपटलेल्या शेंगांचे शंभर दाणे तोलले: पाच तोळे. पुन्हा तोलले, पाचच. दाणा गेल्या वर्षीपेक्षा जवळजवळ दीडपट भरला होता. एक वाफा उपटून, शेंगा तोडून, सोलून एकूण दाणे तोलले, अडीच शेर. आठ वाफ्यांचे वीस शेर. अडीचाने भागून आठ शेर तेल. लागणार सहा.

“दोन शेर शिल्लक राहील,” मी जाहीर केले. “उद्याच सगळे काढा. थांबण्यात फायदा काही नाही आणि धोका आहे. नवरात्राच्या आगेमागे पाऊस आला तर शेंगांना जमिनीतच कोंब फुटतील.”

कोंबाचे मात्र खरे होते. ही उपटी, म्हणजे बुडाशी झुबक्याने शेंगा धरणारी जात. पिकलेली शेंग ओल्या मातीत राहिली तर ती कोजागरीची वाट पाहत नाही. यमूच्या तोंडावर ती भीती मला स्पष्ट दिसली. वर्षभर तिने या वाफ्यांना शेणखत घातले होते, कोल्ह्यांवर पहारा केला होता.

“दादा, तुला खात्री आहे ना?”

“दोनदा तोललंय.”

दत्तोपंतांनी एक शेंग फोडून टरफल उजेडात धरले. ते आतून कापसासारखे पांढरे होते. मग त्यांनी दाणा तोंडात टाकला. आजारातून उठलेला माणूस मेहुण्याशी वाद घालत नाही. दुसऱ्या दिवशी मी स्वतः वाकून दोन वाफे काढले. माझी कंबर धरल्यावर सौभाग्यवतींनी गाडीची वेळ झाल्याची आठवण करून दिली. उरलेले पाच यमू आणि गडी मिळून काढणार होते. निघताना यमूने आमच्या पिशवीत दोन पायली ओल्या शेंगा घातल्या.

ठाणे, नवरात्र

इथे प्रवास नाही, पण हे गाळले तर पुढचे कळणार नाही. शेंगा आम्ही गच्चीवर वाळवल्या. सौभाग्यवतींचे नऊ दिवसांचे उपास असतात. षष्ठीला त्यांनी दाणे भाजायला घेतले. जे टपोरे गुलाबी दाणे मी मिटक्या मारत खाल्ले होते ते वाळून सुरकुतले होते, आणि भाजताना खरपूस व्हायच्या ऐवजी एकदम करपत होते. तरी त्यांनी ते गुळाबरोबर कुटले. दाण्याच्या लाडवाला तूप लागत नाही. कुटता कुटता दाण्याचे तेल सुटते आणि त्यावरच लाडू वळतो.

लाडू वळेना. मुठीत धरला की धरल्यासारखा, मूठ उघडली की भुगा.

“गूळ कमी पडला असेल,” मी म्हणालो.

“पंचवीस वर्षं लाडू वळतेय मी. गूळ नाही कमी. तेल नाही यात.” त्यांनी भुग्याने भरलेला हात माझ्यासमोर धरला. “यमूवन्सं दिवा कशाचा लावणार आहेत?”

मी उठून काटा घेतला. उरलेल्यांतले शंभर दाणे मोजले. अडीच तोळे. भाद्रपदात पाच भरले होते ते अडीच. मी तोलले होते ते बरेचसे पाणी होते, आणि ज्याला मी भरलेला दाणा समजलो तो अजून भरायला बसला होता. शिवाय ती गोडी. दाण्यात आधी साखर येते आणि पुढे त्याच साखरेचे तेल होते. ही गोष्ट आमच्या कचेरीतल्या रसायनवाल्या गृहस्थांनी मला दुसऱ्या दिवशी दोन वाक्यांत सांगितली. मी गोड म्हणून ज्याची स्तुती केली होती ती न झालेल्या तेलाची चव होती. आणि आठही वाफे माझ्या शब्दावर उपटले गेले होते.

त्या दिवशी कचेरीत मी एकाच बेरजेला तीनदा चुकलो. रजा मागितली. साहेबांनी कारण विचारले तेव्हा ‘भुईमूग’ असे सांगितले. त्यांनी आणखी काही विचारले नाही.

खडवली, अष्टमी ते कोजागरी

या खेपेला कुठेही उतरलो नाही. वाटेत सौभाग्यवती एकदाच बोलल्या: “यमूवन्संना आल्या आल्या सांगून टाका. जेवणानंतर म्हणाल तर तुमचं जेवण अंगी लागणार नाही आणि माझा फराळही.”

पायवाट वाळली होती. मी मान खाली घालून चालत होतो, त्यामुळे वाफे आधी त्यांनाच दिसले. त्यांनी माझी बाही ओढली. उतारावरचे वरचे चार वाफे मोकळे होते. खालचे चार उभे होते. हिरवे नव्हे, पिवळट, पानांवर तांबूस ठिपके, खालची पाने गळलेली. कोणत्याही दुसऱ्या पिकाच्या मालकाला ते पाहून रडू आले असते; भुईमूग पिकतो तो असाच. मला बसावेसे वाटले, म्हणून बांधावर बसलो.

यमू विहिरीकडून आली. “दादा, न कळवता?”

“तू हे चार का ठेवलेस?”

ती कळशी खाली ठेवून पदराने हात पुसू लागली. “रागावू नकोस. तू गेल्यावर एक वाफा काढला आणि थांबले. तू आकडे सांगितलेस ते मला खोटे वाटले नाहीत. पण तू शेंग खाऊन ‘काय गोड’ म्हणालास ना, तेव्हा आमच्या सासूबाई आठवल्या. त्या म्हणायच्या, गोड शेंग पाहुण्याला, कडक शेंग दिव्याला. मग म्हटलं, पाऊस आला तर दादाचं खरं, नाही आला तर सासूबाईंचं. दोघांना चार-चार वाफे दिले.”

“मग मला लिहिलं का नाहीस?”

“तू परत गाडीत बसून तोलायला आला असतास.”

दत्तोपंत काठी टेकत येऊन उभे राहिले होते. “पाऊस आला का?” मी त्यांना विचारले.

“दोनदा ढग आले. दोन्ही वेळा ही अंगणात उभी राहून त्यांच्याकडे अशी बघत होती की ते शहापूरकडे निघून गेले.”

मी सगळे सांगितले, लाडवासकट. ऐकून यमू हळूच म्हणाली, “आपण मुरुडची माणसं, दादा. शहाळ्याचं तेल काढतं का कोणी?”

हे मला ठाण्यात, डोंबिवलीत, कल्याणात, कुठेही सुचायला हवे होते. शहाळे नारळाहून जड असते, गोड असते, आणि त्यात तेलाचा थेंब नसतो, हे आम्हा भावंडांना पाळण्यात कळलेले. पण नारळ डोळ्यांसमोर झाडाला लटकतो. हे पीक जमिनीखाली चालते, आणि जे दिसत नाही ते मी काट्यावर विसंबून ठरवले.

मी एक शेंग फोडली. टरफल आतून तपकिरी, जागोजाग काळपट. दाण्याची साल घट्ट आणि तांबडी. कोंब कुठेही नव्हता. नवमीला काढायचे ठरले.

पण नवमी ती खंडेनवमी. कराडच्या रीतीप्रमाणे यमूने कुदळ, विळा, खुरपे, दत्तोपंतांचा जुना रेल्वेचा कंदील आणि, मला न विचारता, केशवचा काटा पाटावर मांडून त्यांना हळदकुंकू वाहिले. आज यांना हात लावायचा नाही. जमीन तर कडक झालेली. तेव्हा आदल्या संध्याकाळीच आम्ही चौघांनी विहिरीचे पाणी ओढून वाफे भिजवले होते, आणि सकाळी नुसत्या हातांनी झाडे उपटली. हलक्या हाताने, बुडाशी धरून, एका लयीत ओढायचे. हिसका दिला की शेंगा मातीत राहतात. माझ्या मागे राहिलेल्या शेंगा दत्तोपंत काठीने उकरून काढत होते आणि मोठ्याने मोजत होते. “मेहुण्यांच्या सत्तावीस. सत्तावीस म्हटलं मी, लिहून घ्या.” काट्याला हात लावायचा नसल्याने त्या दिवशी मला काहीच तोलता आले नाही. सौभाग्यवतींचे म्हणणे, त्यामुळेच काम वेळेत झाले.

पुढचे चार दिवस ऊन कडक पडले. अंगणभर शेंगा. हलवली की आत दाणा खुळखुळे. दसऱ्याला सोने वाटताना दत्तोपंतांनी आपट्याच्या पानाबरोबर माझ्या हातावर एक पांढऱ्या टरफलाची शेंग ठेवली.

चतुर्दशीला यमू, मी आणि दोन गाठोडी कल्याणला घाण्यावर पोचलो. एका गाठोड्यात आधीच्या चार वाफ्यांचे दाणे, वाळून पाच शेर. दुसऱ्यात मागाहून काढलेले, साडेसात शेर. दोन्ही वेगवेगळे गाळा, असे मी सांगितले.

“का, भांडण झालंय त्यांचं?” सखारामांनी विचारले.

यमूची अट वेगळीच. घाण्याला आधीच्या कोणाचे तेल लागलेले नको. सखारामांनी कुरकुर न करता उखळ कोरड्या पेंडीने घासून, फडक्याने पुसून दाखवले. मग पहिल्या गाठोड्यात हात घालून एक सुरकुतलेला दाणा चावला, आणि माझ्याकडे पाहिले.

“वेळापत्रकातले हेच का?”

“हेच.”

पहिल्या घाण्यात तेल निघाले एक शेर पन्नास तोळे. दुसऱ्यात तीन शेर, पुरते. एकूण चार शेर पन्नास तोळे. लागणार सहा शेर. एकशे दहा तोळे कमी. दिवसाला सोळा धरले तर जवळजवळ सात दिवसांचे तेल. आठही वाफे ठेवले असते तर बरोबर सहा शेर भरले असते. हे मी यमूला सांगितले, कारण आकडा लपवणे मला जमत नाही.

ती तेलाच्या भांड्याशी बसून राहिली. रडली नाही. “सात दिवस आधी विझेल,” एवढे म्हणाली. सखारामांनी बैल सोडला आणि त्याच्या अंगावरून उगीचच हात फिरवत राहिले.

संध्याकाळी खडवलीत सगळा प्रकार ऐकून सौभाग्यवतींनी प्रश्न विचारला तो असा: “यमूवन्सं, तुमच्या दिव्याला प्रहराला दोन तोळे जळतं का?”

“मला काय ठाऊक? दादाने सांगितलं तेवढंच.”

“आणि त्यांना कोणी सांगितलं? वात कोणी वळली होती?”

नमुना म्हणून मी तसलीच एक वात डबीत घालून आणली होती. डबी उघडली. यमूने ती वात दोन बोटांत धरून वर केली, आणि आल्यापासून पहिल्यांदा ती मनापासून हसली. “दादा, ही वात आहे का काकडा? हिच्यावर देवळातली आरती होईल.”

तिने कापूस घेतला, मांडीवर हलक्या हाताने वळला, आणि देवापाशी पणतीत लावून तीन तास जाळला. मी आधी आणि नंतर तोलले. दीड तोळा. दिवसाला बारा, तीस दिवसांना तीनशे साठ. भांड्यात होते तीनशे सत्तर.

माझी एक चूक माझ्याच दुसऱ्या चुकीने भरून निघाली, आणि दोन्ही चुका बायकांच्या हातांनी उघडकीला आल्या. दत्तोपंतांनी ही गोष्ट त्यानंतर ज्याला त्याला सांगितली, स्टेशनमास्तरसुद्धा सुटले नाहीत.

कोजागरीला दिवेलागणीच्या वेळी यमूने समई लावली. दत्तोपंतांना शेजारी बसवले होते. ते एरवी बोलके, पण त्या वेळी त्यांनी तिच्या हाताकडे पाहिले आणि चष्मा काढून पुसला.

खडवली, त्रिपुरी पौर्णिमा

मधल्या महिन्यात पाच कार्डे आली. ‘दिवा आहे. भांडे अर्ध्यावर.’ ‘दिवा आहे. दिवाळीत वारा होता, मी आडोसा केला.’ चौथे कार्ड मात्र असे: ‘मांजराने भांड्याला धक्का दिला, थोडं सांडलं. किती ते मोजलं नाही. दिवा आहे.’ शिल्लक अवघी दहा तोळे होती. ‘थोडं’ हे वजन मला अजून कळलेले नाही. त्या आठवड्यात मी जेवताना समईकडे पाठ करून बसत होतो.

त्रिपुरीला दुपारी आम्ही पोचलो तेव्हा दत्तोपंत अंगणात बसले होते, चांगले भरलेले, गालांवर रंग. मी काही विचारायच्या आत म्हणाले, “मी बरा आहे. आत जाऊन तुमचं दुसरं काम बघा.”

आत समई जळत होती. ज्योत लहान, स्थिर. भांडे शेजारीच होते. मी वाकून पाहिले तर तळ दिसत होता, पण ओला.

“पुरेल,” यमू म्हणाली. “मी रोज बघतेय. तोलू नकोस.”

मी तोलले नाही. अंधारू लागले, चंद्र भाताच्या खाचरांवर आला, आणि यमूने समईवरून पणती लावून घेतली. नवस पुरा झाला. मग तिने भांडे एका द्रोणावर पालथे धरले. दोन-तीन तोळे निघाले असतील. कोनाड्यातून तिने माझी ती जाड वात काढली. ती तिने जपून ठेवली होती.

“नदीवर वारा असतो. तिथे तुझीच हवी.”

घाटावर गावातल्या बायका दिवे सोडत होत्या. त्यांच्या बारीक वाती पाण्याला लागता लागता विझत होत्या. आमचा द्रोण हेलकावत निघाला, ज्योत आडवी झाली, पुन्हा उभी राहिली, आणि पलीकडच्या वळणापर्यंत गेली. दत्तोपंत काठीवर दोन्ही हात ठेवून तिच्याकडे पाहत होते. यमू त्यांच्याकडे पाहत होती.

दिवा दिसेनासा झाल्यावर ते माझ्याकडे वळले. “काय मेहुणे, किती मिनिटं जळली तुमची वात?”

“अकरा,” मी म्हणालो.

घड्याळ ठाण्याला उशीखाली राहिले होते. न मोजता सांगितलेला हा माझा पहिला आकडा, आणि त्यावर कोणीही शंका घेतली नाही.